स्क्रिप्टमधून हलतं चित्र दाखवायचंय: जिफ पहिल्या फ्रेमवरच थांबतंय

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे. खरिपाच्या पीकविम्याचे दिवस आले की सातबारा, आधार, पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र असे कागद स्कॅन करायचे, त्यांची एक पीडीएफ करायची आणि तिचा आकार कमी करायचा, हेच दिवसभर चालतं. ते काम मी पायथॉनच्या एका छोट्या स्क्रिप्टवर सोपवलंय. पिलो लायब्ररी चित्रं उघडते, लहान करते आणि सगळी पानं जोडून पीडीएफ करते. काम चोख होतं, पण सामाईक खात्याचे कागद आठ-दहा पानांचे असले की वेळ लागतो. तेवढ्या वेळात पडद्यावर काहीच हलत नाही. समोर बसलेला माणूस विचारतो, "अडकलं का हो?" मदतीला असलेला पोरगा पुन्हा बटण दाबतो आणि तेच काम दुसऱ्यांदा सुरू होतं.

म्हणून मला काम चालू असेतोवर एक फिरणारं चाक दाखवायचंय. टीकिंटर या पायथॉनच्या खिडक्या बनवणाऱ्या लायब्ररीची खिडकी उघडून तिच्यात जिफ (हलत्या चित्राची फाईल) लावलं तर नुसती पहिली फ्रेम, म्हणजे त्यातलं पहिलं चित्र, दिसते, चाक काही फिरंना. मग एकेक फ्रेम काढून मधे 'स्लीप' टाकून फिरवायला बघितलं, तर खिडकी पांढरी होते आणि वर 'प्रतिसाद देत नाही' असं येतं. विंडोज १० आहे, चार जीबी रॅम. नवीन मशीन घ्यायचा विचार नाही. यातून वाट कोणती?

बालाघाट

दादा, यात दोन वेगळ्या अडचणी आहेत. त्या आधी सुट्या करू.

पहिली चित्राची. टीकिंटरचं 'फोटोइमेज' जिफ वाचतं, पण त्याला सांगितलं नाही तर शून्य क्रमांकाची फ्रेमच देतं. पुढची फ्रेम हवी असेल तर फॉरमॅटच्या जागी 'जिफ' लिहून त्याच्यापुढे 'इंडेक्स' आणि क्रमांक द्यावा लागतो. क्रमांक वाढवत जायचं. फ्रेमा संपल्या की टीसीएलची (टीकिंटरच्या मुळाशी असलेली भाषा) त्रुटी येते, तोच शेवट समजायचा. मिळालेल्या सगळ्या फ्रेमा एका यादीत ठेवा आणि ती यादी खिडकी असेपर्यंत जिवंत राहू द्या. फंक्शनच्या आत बनवलेलं चित्र फंक्शन संपल्यावर पायथॉन पुसून टाकतं. लेबल जागेवर असतं, पण त्यात काही दिसत नाही, आणि त्रुटीही येत नाही. नव्यानं शिकणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथं जातो.

दुसरी अडचण 'स्लीप'ची. खिडकी रंगवणं, माऊसची क्लिक घेणं, खिडकी सरकवणं ही सगळी कामं 'मेनलूप' एकामागून एक उरकत असतो. तुमचं फंक्शन झोपलं की तोही थांबतो. पाच सेकंद खिडकीनं काही उत्तर दिलं नाही की विंडोज तिला अडकलेली समजून पांढरी करतं. म्हणून झोपायचं नाही, 'आफ्टर' वापरायचं. फंक्शननं लेबलवरची फ्रेम बदलायची, "शंभर मिलिसेकंदांनी मला परत बोलव" असं सांगायचं आणि लगेच बाहेर पडायचं. मधला सगळा वेळ मेनलूप मोकळा राहतो.

काही ठिकाणी कामाच्या मधेमधे 'अपडेट' बोलवा असा सल्ला दिसेल. तो घेऊ नका. चाक धक्के खात फिरतं, आणि काम अर्धवट असताना कुणी बटण दाबलं तर तेच काम त्याच्या पोटात पुन्हा सुरू होतं. तुमची मूळ तक्रार तीच आहे.

(इथं कोड चिकटवला की मांडणी विस्कटते, म्हणून सगळं शब्दांत सांगतोय.)

मांजरापट्टा

बालाघाटांनी सांगितलं ते बरोबर, पण तेवढ्यानं दुधनाकाठांचं चाक फिरणार नाही. पीडीएफ करायचं मुख्य काम अजून खिडकी चालवणाऱ्याच थ्रेडमध्ये (प्रोग्रॅममधला कामाचा एक प्रवाह) आहे. ३०० डीपीआयला स्कॅन केलेलं ए-फोर पान २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचं असतं, म्हणजे रंगीत असेल तर मेमरीत साधारण २६ एमबी. अशी आठ-दहा पानं लहान करणं त्या मशीनला जड जाणारच. ते काम चालू असताना 'आफ्टर'ला वळायला जागाच मिळत नाही.

जड काम वेगळ्या थ्रेडमध्ये टाका. खिडकी मुख्य थ्रेडमध्येच ठेवा. दोघांच्या मधे एक 'क्यू', म्हणजे निरोपांची रांग, ठेवा. काम करणारा थ्रेड त्यात निरोप टाकतो, "तिसरं पान झालं", "चौथं झालं". खिडकीकडचं 'आफ्टर'चं फंक्शन दर खेपेला क्यू बघतं, निरोप असेल तर लेबल बदलतं. काम करणाऱ्या थ्रेडनं लेबलला किंवा बटणाला हात लावायचा नाही, हा नियम कडक पाळा. मोडला तरी कधीकधी चालून जातं, आणि ऐन गर्दीत स्क्रिप्ट बंद पडते.

थ्रेडनंही चाक अडखळत असेल तर वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम, करा. विंडोजवर नवी प्रोसेस तुमची फाईल पहिल्यापासून वाचते, म्हणून खिडकी उघडणारा भाग 'नेम बरोबर मेन' या अटीच्या आतच हवा. पुढे त्याची ईएक्सई करणार असाल तर 'फ्रीझ सपोर्ट'ची ओळही घाला, नाहीतर एकातून दुसरी अशा खिडक्या उघडत जातात.

आणि काम सुरू होताच बटण बंद करा. त्या पोराला दुसऱ्यांदा दाबताच येऊ नये.

दुधनाकाठ

मांजरापट्टा, बालाघाट, दोघांचेही आभार. थ्रेड आणि क्यू लावला, चाक फिरायलंय. बटणही बंद होतंय.

आता पुढचं. ते चाक साधं होतं. गर्दीत लांबून दिसावं म्हणून दुसरं जिफ आणलं, कागद एका फाईलमधून दुसरीत जातोय असं. ब्राउझरमध्ये ते छान चालतं. माझ्या खिडकीत पहिली फ्रेम पूर्ण दिसते, आणि पुढच्या फ्रेमांत कागदाचे नुसते तुकडे येतात, मागची फाईल गायब. जिफ खराब आहे म्हणावं तर ब्राउझरमध्ये कसं चालतंय?

कयाधू

जिफ खराब नाही. ते काटकसरीनं बनवलेलं आहे.

जिफ हा प्रकार कॉम्प्युसर्व्ह या कंपनीनं १९८७ साली काढला आणि १९८९ च्या आवृत्तीत त्याला दोन फ्रेमांमधली थांबण्याची वेळ आणि पारदर्शकता मिळाली. तेव्हा माहिती टेलिफोनच्या तारेवरून यायची, एकेक बाइट महाग. म्हणून प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्राची असावी असं बंधन त्यात ठेवलेलं नाही. दुसऱ्या फ्रेममध्ये फक्त बदललेला चौकोन आणि तो कुठं ठेवायचा ती जागा, एवढंच असू शकतं. बाकीचं आधीच्या फ्रेमवरून दिसत राहतं असं गृहीत असतं.

त्यासोबत प्रत्येक फ्रेमला एक सूचना असते: मला दाखवून झाल्यावर काय करायचं? तशीच राहू द्या, माझा चौकोन पुसून पार्श्वभूमीवर आणा, किंवा माझ्या आधी जे होतं ते परत लावा. ब्राउझर या सूचना पाळतो आणि फ्रेमा एकमेकींवर रचून दाखवतो. तुम्ही इंडेक्स देऊन काढलेली फ्रेम मात्र एकटीच येते, म्हणून तुकडा दिसतो. कुठं कुठं उलटंही बघायला मिळतं, पुसायचं ते पुसलं जात नाही आणि हलणाऱ्या वस्तूमागं शेपूट राहतं. त्याचंही कारण हेच.

उपाय दोन. पिलो तुमच्याकडं आहेच. तिच्यानं जिफ उघडा, 'सीक' करत पहिल्यापासून क्रमानं पुढं जा, ती फ्रेमा रचून पूर्ण चित्र हातात देते. मग प्रत्येकाची प्रत काढून 'इमेज-टीके'च्या फोटोइमेजमध्ये बदला आणि यादीत ठेवा. प्रत काढायला विसरू नका, कारण सीक केलं की हातातलं चित्रच बदलतं.

दुसरा उपाय फाईलच पूर्ण फ्रेमांची करून ठेवण्याचा. इमेजमॅजिकमध्ये त्यासाठी 'कोअॅलेस' आहे, जिफसिकलमध्ये 'अनऑप्टिमाइझ'. फाईल फुगते, पण एकदाच करायचं काम आहे आणि नंतर साधं टीकिंटरही ती नीट दाखवतं. सेवा केंद्रातल्या मशीनवर मी दुसरा उपाय करीन. रोज सकाळी तेच चित्र रचत बसण्यात अर्थ नाही.

तेरणाकाठ

ज्यांना पायथॉन टाकायचंच नाही त्यांच्यासाठी. विंडोजवर पॉवरशेल आधीपासून असतं. त्यातून विंडोज फॉर्म्सचा 'पिक्चरबॉक्स' घेऊन त्याच्या 'इमेज'मध्ये जिफ दिलं की ते आपोआप हलतं, फ्रेमा मोजाव्या लागत नाहीत. धाराशिवकडं एका पतसंस्थेत रात्रीच्या बॅकअपला मी हेच लावलंय.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. फॉर्म नुसता 'शो' केला तर संदेशांचं चक्र चालू नसतं आणि चित्र गोठलेलंच राहतं. 'शो-डायलॉग' किंवा 'अॅप्लिकेशन रन' वापरा. मग स्क्रिप्ट तिथंच अडते, म्हणून खरं काम वेगळ्या रनस्पेसमध्ये (पॉवरशेलमधली काम चालवायची स्वतंत्र जागा) किंवा 'स्टार्ट-जॉब'नं बाहेर काढा आणि फॉर्मवरच्या टायमरनं त्याची खबर घेत राहा. वर मांजरापट्टांनी सांगितलेलीच रचना, फक्त नावं वेगळी.

दुसरं, 'फ्रॉम-फाईल'नं चित्र उघडलं की ते सोडेपर्यंत फाईल कुलूपबंद राहते. ती बदलता येत नाही, पुसता येत नाही. फॉर्म बंद करताना चित्र 'डिस्पोज' करा.

आणि डब्ल्यूपीएफ (विंडोजवर खिडक्या बनवायची दुसरी पद्धत) वापरली तर तिच्या 'इमेज'मध्ये जिफ हलत नाही, पहिलीच फ्रेम दिसते. तिकडं जाणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्या.

गोदाकाठ_नांदेड

शाळेच्या संगणक कक्षात उबुंटू आहे. मुलांना गुलाबी बोंडअळीचं जीवनचक्र दाखवायचंय: अंडी, अळी, कोष, पतंग. त्याचं जिफ आहे. स्क्रिप्टमधून पूर्ण पडद्यावर लावायचं तर इतकं सगळं करावं लागेल का?

बालाघाट

नाही सर. दाखवण्यापलीकडं काही करायचं नसेल तर शेल स्क्रिप्टमधून एमपीव्ही हा प्लेअर बोलवा, 'लूप' अनंत आणि 'फुलस्क्रीन' द्या. इमेजमॅजिकची 'अॅनिमेट' आज्ञाही चालते. फेह हा प्रोग्रॅम बरेच जण सुचवतील, पण त्यात जिफ हलत नाही. टीकिंटरकडंच जायचं ठरलं तर उबुंटूत 'पायथॉन३-टीके' आणि पिलोचा 'इमेज-टीके' ही पॅकेजं वेगळी टाकावी लागतात.

जीवनचक्रासाठी प्रत्येक अवस्था मुलांना वाचता येईल इतकी थांबायला हवी. ती वेळ फाईलमध्ये प्रत्येक फ्रेमसोबत लिहिलेली असते, सेकंदाच्या शंभराव्या भागात. म्हणजे ३०० लिहिलं तर तीन सेकंद. पिलो तीच वेळ 'ड्युरेशन' म्हणून मिलिसेकंदांत देते. प्रत्येक फ्रेमची वेळ वेगळी असू शकते, म्हणून सगळ्यांना एकच आकडा लावू नका.

दुधनाकाठ, हे तुम्हालाही लागू आहे. काही जिफांत वेळ शून्य किंवा एक अशी लिहिलेली असते. ब्राउझर अशा फ्रेमांना आपल्या मनानं साधारण १०० मिलिसेकंद देतात. तुमची स्क्रिप्ट मात्र शून्य म्हणजे शून्य धरते, चाक भिंगरीसारखं सुटतं आणि प्रोसेसर त्यातच गुंतून राहतो. वेळ २० मिलिसेकंदांपेक्षा कमी आली तर १०० धरा, अशी एक अट टाकून ठेवा.

मांजरापट्टा

दुधनाकाठ, तुमचं चाक आता फिरतंय म्हणून हे आत्ताच सांगतो, कारण याकडं फार कमी लोक लक्ष देतात.

आपण चित्र आणि काम वेगळं केलं. म्हणजे आता काम मेलं तरी चित्र फिरतच राहणार. एखादं स्कॅन अर्धवट सेव्ह झालं असेल तर पिलो 'ट्रंकेटेड' म्हणून त्रुटी देते, काम करणारा थ्रेड तिथंच संपतो, आणि खिडकीला त्याचा पत्ता नसतो. काळी खिडकी दिसू नये म्हणून तुम्ही पायथॉन-डब्ल्यूनं चालवत असणार. मग ती त्रुटी कुणालाच दिसत नाही. शेतकरी चाकाकडं बघत बसतो आणि आत काही चाललेलं नसतं. माझ्या मते नुसत्या पांढऱ्या खिडकीपेक्षा हे वाईट. पांढरी खिडकी बघून माणूस निदान विचारतो तरी.

यावर तीन गोष्टी करा. थ्रेडमधलं सगळं काम 'ट्राय-एक्सेप्ट'मध्ये ठेवा आणि त्रुटी आली तर तीही क्यूमध्येच निरोप म्हणून टाका. खिडकीनं तो निरोप वाचला की चाक थांबवायचं आणि कुठल्या पानाला अडचण आली ते मराठीत लिहायचं. दुसरं, चाकाखाली "१० पैकी ४ पानं झाली" अशी ओळ ठेवा. ती ओळ कामाकडून येते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येतो. चाक नुसतं 'आफ्टर'वर फिरत असतं. तिसरं, ठरावीक वेळ एकही निरोप आला नाही तर चाक थांबवून तसं सांगा.

चाकापेक्षा ती ओळ महत्त्वाची आहे. जागा एकाचीच असेल तर मी ओळ ठेवीन.

दुधनाकाठ

मांजरापट्टा, हे डोक्यात नव्हतं. आज रात्रीच टाकतो. ओळ तर लगेच दिसायला लागली, आणि लोक पानं मोजत शांत बसतात हे खरं आहे.

कपाशी_जालना

मंडळी, धागा वाचून राहवलं नाही. माझं कृषी सेवा केंद्र आहे. मृगाच्या आधीपासून दुकानात एकच विषय असतो, ढग. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाची चित्रं साधारण अर्ध्या तासानं येतात. मागच्या बारा तासांची चित्रं उतरवून ढग कुठून कुठं सरकतायत ते दुकानातल्या पडद्यावर सारखं फिरत ठेवायचंय. भाच्यानं स्क्रिप्ट लिहून दिलीय, ती चित्रं उतरवते आणि त्यांचं जिफ करते. अडचणी अशा: रंगीत चित्राचं जिफ केलं की रंगांचे पट्टे पडतात. जिफ एकदाच चालतं आणि थांबतं. आणि संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर रांगायला लागतो.

कयाधू

चांगलं काम काढलंय तुम्ही. एकेक घेतो.

पट्टे पडणारच. जिफच्या एका फ्रेमला २५६ च रंग मिळतात. रंगीत चित्र त्यात बसवताना जवळजवळचे रंग एक होतात. 'डिथरिंग' (दोन रंगांचे ठिपके मिसळून मधला रंग भासवणं) चालू केलं तर पट्टे विरघळतात, पण चित्रभर बारीक ठिपके येतात आणि फाईल मोठी होते, कारण जिफची दाबण्याची पद्धत सलग सारख्या रंगावर चालते आणि ठिपके तो सलगपणा मोडतात. तुमच्यासाठी सोपी वाट आहे: काळंपांढरं अवरक्त (उष्णतेच्या किरणांतलं) चित्र घ्या. करड्याच्या २५६ छटा २५६ रंगांत पूर्ण बसतात, काही जात नाही. आणि अवरक्त रात्रीही दिसतं. दृश्य प्रकाशातलं चित्र अंधार पडला की काळं होतं, त्याचा पहाटे दुकान उघडणाऱ्याला उपयोग नाही.

एकदाच चालून थांबतं, कारण पुन्हा पुन्हा चालण्याची सूचना मूळ प्रकारात नव्हतीच. नेटस्केप ब्राउझरनं ती नंतर जोडली आणि सगळ्यांनी स्वीकारली. पिलोनं सेव्ह करताना 'लूप' शून्य द्या. शून्य म्हणजे अखंड.

पण मी विचारतो, जिफ करताच कशाला? जिफ ही एकच फाईल कुणाला पाठवायची असेल तर कामाची. तुमच्याकडं चित्रं आधीच सुटी आहेत आणि पडदाही तुमचाच. 'आफ्टर'नं तीच सुटी चित्रं एकामागून एक दाखवा. रंग पूर्ण राहतात, दर अर्ध्या तासाला नवं जिफ बनवावं लागत नाही, आणि शेवटचं चित्र दोन सेकंद थांबवायचं असेल तर स्क्रिप्टमध्ये एक आकडा बदलायचा. शेवटचं चित्र थांबवाच, नाहीतर आत्ताचे ढग कुठले आणि सकाळचे कुठले हे बघणाऱ्याला कळत नाही.

बालाघाट

रांगण्याचं कारण मेमरी असावी. हजार गुणिले हजारचं चित्र पडद्यावर आणताना चार बाइटांच्या हिशेबानं चार एमबी घेतं, फाईल कितीही लहान असो. बारा तासांची २४ चित्रं म्हणजे ९६ एमबी. ती चालतील. पण स्क्रिप्ट दर अर्ध्या तासाला नवी यादी करत असेल आणि जुनी कुठंतरी धरून ठेवत असेल, तर दिवसभरात मशीन भरणार. नवं चित्र आलं की यादीच्या शेवटी जोडा, पहिलं काढून टाका. 'डेक' नावाची रचना त्यासाठीच आहे, तिला कमाल लांबी २४ दिली की जुनं आपोआप बाहेर पडतं. आणि मराठवाड्यापुरतं बघायचं असेल तर चित्र कापून घ्या. अरबी समुद्राची बाजू थोडी जास्त ठेवा, पाऊस तिकडूनही येतो. बंगालच्या उपसागराची बाजू तर हवीच.

उतरवायचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये, हे वर आलंच आहे. उतरवताना आधी तात्पुरत्या नावानं लिहा, पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या. नाहीतर नेट मधेच गेलं की अर्धं चित्र यादीत शिरतं.

मांजरापट्टा

कपाशी, मी वर दुधनाकाठांना जे सांगितलं ते तुमच्याकडं दुप्पट लागू आहे. तुमचं नेट सकाळी आठला गेलं तर पडद्यावर आठपर्यंतचे ढग फिरतच राहणार, आणि दुपारी दुकानात आलेला माणूस ते आत्ताचे समजणार. पेरणीच्या तोंडावर हे होता कामा नये. शेवटच्या चित्राची वेळ मोठ्या अक्षरात पडद्यावर ठेवा. ती वेळ चित्राची हवी, उतरवल्याची नको. ती ग्रीनिच वेळेत असेल तर साडेपाच तास मिळवा. दीड-दोन तासांपेक्षा जुनं चित्र असेल तर फिरणं बंद करा आणि "नवं चित्र आलेलं नाही" असं लिहा. थांबलेलं चित्र बघून कुणी पेरणीला धावत नाही.

आणि एक. अवरक्तात पांढरं दिसतं ते ढगाच्या माथ्याचं थंडपण. उंचावरचे विरळ ढगही पांढरे दिसतात आणि त्यांतून थेंब पडत नाही. तेव्हा खाली एक कायमची ओळ टाका: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. दरवर्षी हा सल्ला देतात, आणि तो ढगांच्या शेजारी दिसलेला बरा.

कपाशी_जालना

ओळ टाकतोच. दुबार पेरणी म्हणजे काय ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

पण ती ओळ टाकताना वेगळंच झालं. भाच्यानं पिलोनं चित्रावरच मराठी लिहिलं, तर 'हिंगोली'तली वेलांटी ह च्या पुढं आली, 'मिलिमीटर'चंही तसंच, आणि 'छत्रपती'तला त्र फुटून त आणि र वेगळे, मधे हलन्त. फॉन्ट बदलून बघितला, तरी तेच.

कयाधू

फॉन्टचा दोष नाही. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवताना अक्षरानंतर येते आणि दिसताना आधी. जोडाक्षरंही फॉन्टमधल्या नियमांनी जुळवावी लागतात. पिलोची साधी मांडणी अक्षरं साठवलेल्या क्रमानं एकापुढं एक ठेवते. नीट जुळवायला तिला 'राक्म' नावाची लायब्ररी लागते. ती उपलब्ध आहे की नाही हे पिलोच्या 'फीचर्स'मध्ये तपासता येतं. विंडोजवर तिच्यासोबत 'फ्रिबिडी'ची डीएलएलही वेगळी मिळवावी लागू शकते.

त्यापेक्षा मजकूर चित्रावर लिहूच नका. चित्राखाली टीकिंटरचं लेबल ठेवा आणि त्यात लिहा. लेबलची अक्षरं विंडोज स्वतः जुळवतं, 'निर्मला यूआय' फॉन्टमध्ये त्र आणि हिंगोली दोन्ही नीट दिसतात. वेळ बदलली की फक्त लेबल बदलायचं, चित्राला हात लावायचा नाही.

कपाशी_जालना

लेबलनं काम झालं, भाचाही खूश. शेवटचं एक विचारतो. दुकानात लॅपटॉप आहे, लोडशेडिंगमुळं. सकाळी चालू केला की स्क्रिप्ट आपोआप सुरू व्हावी म्हणून टास्क शेड्युलरमध्ये टाकलीय. कधी सुरू होते, कधी होत नाही. आणि लाईट गेली की पडदाच बंद होतो, बॅटरी भरलेली असताना. हातानं सुरू केली तर तासन्तास चालते.

तेरणाकाठ

टास्कच्या गुणधर्मात 'कंडिशन्स'चं पान उघडा. वीज जोडलेली असेल तरच सुरू करा आणि बॅटरीवर गेलं की थांबवा, अशा दोन खुणा तिथं आधीपासून लावलेल्या असतात. दोन्ही काढा. 'सेटिंग्ज'च्या पानावर ठरावीक दिवसांनी टास्क थांबवण्याचीही खूण असते, तीही बघून घ्या.

सुरू करायची वेळ 'लॉग-ऑन' झाल्यावर ठेवा, मशीन चालू झाल्यावर नको. लॉग-ऑनच्या आधी सुरू झालेल्या स्क्रिप्टची खिडकी पडद्यावर दिसत नाही. आणि 'स्टार्ट इन'च्या रकान्यात स्क्रिप्टच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या. तो रिकामा असेल तर स्क्रिप्ट चित्रं विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये शोधत बसते.

एवढं केल्यावरही सकाळी सुरू होत नसेल तर टास्कच्या 'हिस्टरी'त काय लिहून आलंय ते इथं टाका. हिस्टरी बंद असेल तर उजवीकडच्या यादीतून आधी चालू करून घ्या.